आधी जात, मग पिसारा, शेवटी नर-मादी: कोंबडीची पिल्ले ओळखण्याची रीत

पिल्लू हातात आले की पहिला प्रश्न येतो, "नर की मादी?" तो प्रश्न खरे तर शेवटचा आहे. एकच खूण दोन जातींत दोन वेगळ्या गोष्टी सांगते. आठ आठवड्यांच्या ऑर्पिंग्टनला मोठा लाल तुरा असेल तर तो नर, यात फारशी शंका नसते. लेगहॉर्नच्या मादीला मात्र त्याच सुमारास बऱ्यापैकी मोठा आणि गुलाबी तुरा असू शकतो. पायांच्या नळीवरचा काळसर रंग बार्ड प्लायमाउथ रॉकमध्ये मादीकडे बोट दाखवतो, तर ऑस्ट्रेलॉर्पमध्ये नर-मादी दोघांचेही पाय गडदच असतात. म्हणून आधी जात ठरवायची, मग रंग आणि नक्षी पाहायची, आणि त्या दोन्हींच्या आधाराने नर-मादीचा अंदाज बांधायचा. हा क्रम मोडला की बहुतेक चुका होतात.

पाहण्याआधीची तयारी

ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीच्या, लाल दिव्याखाली रंग कधीच ठरवू नका. त्या उजेडात पिवळे पिल्लू तांबूस दिसते आणि राखाडी पिल्लू काळे. पिल्लू दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर किंवा फिकट कापडावर ठेवून पाहा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, त्यामुळे एकेक पिल्लू एक-दोन मिनिटांच्या वर बाहेर ठेवू नये.

प्रत्येक पिल्लाचे चार फोटो काढा: बाजूने पूर्ण शरीर, समोरून तुरा, वरून डोके आणि पाठ, आणि पाय, तेही बोटे मोजता येतील असे. दर आठवड्याला त्याच कोनातून काढलेले फोटो शेजारी ठेवले की डोळ्यांना न जाणवलेली वाढ लगेच दिसते. कोणते पिल्लू कोणते हे कळावे म्हणून पायात रंगीत रिंग घाला. मात्र पाय झपाट्याने जाडावतात, त्यामुळे दर आठवड्याला रिंग तपासून वेळेवर मोठी घाला. विसरलेली रिंग मांसात रुतते आणि पाय कायमचा अधू होतो.

उबवणीची तारीख लिहून ठेवा. "साधारण महिन्याचे असेल" एवढ्यावर नर-मादी ठरत नाही. या वयात दोन आठवड्यांचा फरक म्हणजे फार मोठा फरक.

जात: रंग सोडून अंगाची ठेवण पाहा

रंग सर्वांत आधी नजरेत भरतो आणि सर्वांत जास्त फसवतो. पिवळी लव डझनावारी जातींच्या पिल्लांना असते. तुऱ्याचा प्रकार, बोटांची संख्या, पायावरची पिसे आणि कातडीचा रंग या गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून बऱ्याच स्पष्ट असतात आणि वयानुसार फारशा बदलत नाहीत.

सुरुवात पायापासून करा, कारण तिथे चूक होण्याला जागा कमी. बहुतेक कोंबड्यांना चार बोटे असतात. पाच बोटे दिसली की यादी एकदम लहान होते: डॉर्किंग, सिल्की, फावरोल, हूदाँ, सुलतान. पाचवे बोट मागच्या बोटाच्या वर, थोडे आकाशाकडे वळलेले असते. आता नळीच्या बाहेरच्या बाजूला लव किंवा पिसे आहेत का ते पाहा. पाच बोटे आणि स्वच्छ नळी असेल तर डॉर्किंग किंवा हूदाँ, आणि त्यातही डोक्यावर झुबका असेल तर हूदाँ. पाच बोटे, पायावर पिसे आणि काळी कातडी म्हणजे सिल्की. पाच बोटे, पायावर पिसे, फिकट कातडी आणि गाल पिसांनी फुगलेले असतील तर बहुधा फावरोल. चार बोटे आणि पायावर दाट पिसे असतील तर बहुधा ब्रह्मा किंवा कोचीन, आणि त्या दोघांतला फरक तुरा सांगतो: ब्रह्माचा मटारतुरा, कोचीनचा साधा उभा.

तुरा पाहायला पिल्लाचे डोके बोटांत हलके धरा आणि चोचीच्या मुळाशी समोरून पाहा. साधा तुरा एक दिवसाच्या पिल्लातही बारीक दाते असलेल्या एका पातळ रेघेसारखा दिसतो. मटारतुऱ्यात तीन बुटक्या रांगा असतात आणि मधली किंचित उंच असते. गुलाबतुरा म्हणजे रुंद, चपटा, वर खरखरीत दाणे असलेला पट्टा, आणि तो मागे बहुधा टोकाला निमुळता होतो. सिल्कीचा तुरा अक्रोडासारखा, गाठीसारखा. बोटाचे टोक हळूच फिरवले तरी एक रेघ, तीन रेघा आणि चपटा पट्टा यांतला फरक जाणवतो. डोळ्यांना शंका असेल तेव्हा बोट जास्त खरे सांगते.

नळीचा रंग पाहताना तळव्याचाही पाहा. काळ्या पिल्लांत ही एक खूण फार कामाची आहे: ऑस्ट्रेलॉर्पचे तळवे पांढरट असतात आणि जर्सी जायंटचे पिवळे. बाकी दोघेही काळे, पोट फिकट, साधा तुरा, आणि लहानपणी डोळ्यांना सारखेच. पट्टेदार पिल्लांतही हीच युक्ती चालते. साधा तुरा आणि पिवळी नळी असेल तर बार्ड रॉक, गुलाबतुरा आणि पिवळी नळी असेल तर डॉमिनिक, साधा तुरा आणि पांढरट-गुलाबी नळी असेल तर ककू मारान्स. बदामी पिल्लांत पिवळी नळी म्हणजे बफ रॉक, पांढरट नळी म्हणजे बफ ऑर्पिंग्टन. पिवळी कातडी पहिल्या दिवसांत फिकट दिसते, म्हणून नळीबद्दल शंका असेल तर आठवडाभर थांबा.

उघडी मान, डोक्यावरची गाठ आणि गालांवरचे झुबके हे सगळे अंड्यातून बाहेर पडतानाच दिसते. पोलिश पिल्लाच्या कवटीवर उंचवटा असतो आणि त्यावर लवेचा गोंडा. हे डोके नाजूक असते, तिथे दाबू नये. कातडी, चोच, नळी सगळेच काळे असेल तर सिल्की, कडकनाथ, आयाम चेमानी अशा मोजक्या जाती उरतात.

या खुणा एकमेकींशी जुळत नसतील, म्हणजे मटारतुरा, हिरवट नळी, गाल फुगलेले आणि रंग कोणत्याच जातीच्या नोंदीत न बसणारा, तर पिल्लू संकरित आहे. जबरदस्तीने त्याला जातीचे नाव चिकटवू नका. जातीचे नाव लावले की पुढे नर-मादीच्या त्या जातीच्या खुणा लागू केल्या जातात आणि मग एकावर एक चुका चढतात.

लवेचा रंग काय सांगतो

पाठीवर तपकिरी पट्टे, खारीसारखे, ही रानकोंबडीची मूळ लव. ब्राउन लेगहॉर्न आणि वेलसमर यांना ती असते. काळी लव आणि पोट, हनुवटी, पंखांची टोके फिकट, हा काळ्या जातींचा नेहमीचा नमुना. अशा पिल्लांना पहिली पंखपिसेही बऱ्याचदा पांढरी येतात आणि घेणाऱ्याला वाटते की भेसळ आहे. ती भेसळ नसते. पुढच्या पिसझडीत ती पिसे जातात आणि काळी येतात.

काळ्या लवेवर डोक्याच्या माथ्यावर पिवळट-पांढरा ठिपका असेल तर पिल्लू पट्टेदार होणार. राखाडी लव निळ्या रंगाची. इथे थोडे आनुवंशिकतेचे गणित कळले तर पुष्कळ गोंधळ मिटतो. निळा रंग म्हणजे काळ्या रंगाला फिकट करणाऱ्या जनुकाची एक प्रत. दोन प्रती मिळाल्या तर पिल्लू स्प्लॅश होते, म्हणजे मळकट पांढऱ्यावर निळे-काळे शिंतोडे. त्यामुळे निळा नर आणि निळी मादी यांच्या पिल्लांत सरासरी चारांत एक काळे, दोन निळी आणि एक स्प्लॅश निघते. काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावली तर सगळी निळी. लॅव्हेंडर हा वेगळा रंग: अधिक फिकट, एकसारखा, आणि लॅव्हेंडरची लॅव्हेंडरशी जोडी लावली तर सगळी पिल्ले लॅव्हेंडरच.

पिवळी लव सर्वांत कमी माहिती देते. तिच्यातून पांढरे, बदामी, कोलंबियन (फिकट अंग, काळी मान-शेपटी) काहीही निघू शकते. तिथे पंखपिसे फुटेपर्यंत वाट पाहावी.

पिसाऱ्याची नक्षी: एक पीस हातात घ्या

पूर्ण पक्षी पाहून नक्षी ठरवायला गेले की गोंधळ होतो. छातीचे एक आणि पाठीचे एक, अशी दोन गळलेली पिसे पांढऱ्या कागदावर ठेवा आणि रंग पिसाच्या कोणत्या भागात आहे एवढेच पाहा.

पिसाच्या कडेने सगळीकडून गडद किनार आणि आत एकच रंग असेल तर ती लेस. सिल्व्हर लेस्ड वायंडॉटमध्ये पांढऱ्या पिसाला काळी किनार असते. किनारीच्या आत आणखी एक किनार असेल तर दुहेरी लेस, जशी बार्नेवेल्डर मादीची. किनारीला समांतर बारीक रेघा एकात एक, कांद्याच्या चकतीसारख्या, म्हणजे पेन्सिलिंग, पार्ट्रिज वायंडॉटच्या मादीसारखी. पिसाच्या टोकाला काळा थेंब असेल तर स्पँगल. काळ्या पिसाच्या टोकाला पांढरा थेंब असेल तर मॉटल, जसा अँकोनाचा. पिसावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके, हा वेलसमर आणि ब्राउन लेगहॉर्नच्या माद्यांचा पाठीचा रंग.

आडवे पट्टे असतील तर त्यांची धार पाहा. बार्ड रॉकचे पट्टे सरळ आणि कापल्यासारखे स्पष्ट, ककूचे थोडे वाकडे आणि पुसट. जनुक दोघांत तेच. बार्ड रॉकची पिसे सावकाश वाढतात म्हणून पट्टा नीट उमटतो. कोलंबियन नक्षी मात्र एका पिसावर कळत नाही, कारण ती शरीरभर वाटलेली असते: अंग पांढरे किंवा बदामी, आणि मान, शेपटी, पंखांची टोके काळी. लाइट ससेक्स आणि लाइट ब्रह्मा हे तिचे चांगले नमुने.

पिल्लाचा पहिला पिसारा हा शेवटचा नसतो. चार ते सहा आठवड्यांत पहिली पिसे अंग झाकतात, ती पुन्हा टप्प्याटप्प्याने बदलतात, आणि मोठेपणाचा पिसारा पाच महिन्यांच्या आसपास पुरा होतो. लेस असलेल्या जातींत सहा आठवड्यांचे पीस डागाळलेले, अर्धवट दिसते. त्यावरून "लेस खराब आहे" म्हणून पिल्लू काढून टाकू नका. लेस जोखायची तर निदान चार महिने थांबा.

पहिल्या दिवशी नर-मादी: कुठे जमते, कुठे नाही

कोंबड्याला दोन झेड गुणसूत्रे असतात, कोंबडीला एक झेड आणि एक डब्ल्यू. झेडवर बसलेली जनुके नराला दोन प्रतींत मिळू शकतात, मादीला एकच. पट्टे, सोनेरी-रुपेरी रंग आणि पिसे सावकाश फुटणे ही तिन्ही जनुके झेडवर आहेत. पहिल्या दिवशी नर-मादी ओळखण्याच्या बहुतेक भरवशाच्या रंगखुणा आणि पंखखुणा यातूनच येतात.

शुद्ध बार्ड रॉकची दोन पिल्ले शेजारी धरा. एकाच्या माथ्यावरचा ठिपका मोठा, पसरट, कडा विरघळलेल्या. नळीचा रंग पिवळट. दुसऱ्याचा ठिपका लहान आणि आटोपशीर, नळीच्या समोरच्या बाजूला काळसर झाक, आणि ती बोटांच्या मुळाशी एकदम थांबते. पहिला नर, दुसरी मादी. पिसे आल्यावर फरक आणखी वाढतो: नराला पट्ट्याच्या दोन प्रती असल्याने त्याचे पांढरे पट्टे रुंद आणि एकूण रंग फिकट, मादी गडद. पण पिल्लू अर्धे बार्ड असेल, म्हणजे एकच पालक पट्टेदार असेल, तर नरालाही एकच प्रत मिळते आणि फिकट-गडद हा भेद कामाचा राहत नाही.

संकरात कोण कुठल्या बाजूला हेच महत्त्वाचे. पट्टे नसलेला नर आणि पट्टेदार मादी अशी जोडी असेल तर डोक्यावर ठिपका असलेले पिल्लू नर आणि साधे काळे पिल्लू मादी. जोडी उलटी झाली, म्हणजे नर पट्टेदार झाला, तर ठिपका सगळ्यांनाच येतो आणि काहीच कळत नाही. तसेच सोनेरी नर, जसा ऱ्होड आयलंड रेड किंवा न्यू हॅम्पशायर, आणि रुपेरी मादी, जशी लाइट ससेक्स, यांच्या पिल्लांत तांबूस ती मादी आणि फिकट पिवळे ते नर. ही सोय एकाच पिढीपुरती. या संकरित पिल्लांची आपसात पैदास केली की पुढच्या पिढीत रंगावरून नर-मादी कळत नाही, आणि इथे पुष्कळजण फसतात.

पिढ्यान्‌पिढ्या रंगावरून ओळखता येतील अशा शुद्ध जातीही आहेत. केंब्रिजमध्ये आनुवंशिकतेचे अभ्यासक रेजिनाल्ड पनेट यांच्या कामातून अशा जाती घडवण्याला १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली. क्रीम लेगबार त्यातलीच. तिच्या मादीला पाठीवर गडद, स्पष्ट पट्टा असतो, आणि नर फिकट, पुसट, डोक्यावर ठिपका असलेला.

खारीसारखे पट्टे असलेल्या वेलसमर पिल्लांत डोळ्याजवळची रेघ पाहा. मादीची रेघ काजळ घातल्यासारखी गडद, डोळ्याच्या मागे लांब गेलेली, आणि डोक्यावरचा पट्टाही टोकदार, रेखीव. नराचे तेच सगळे पाण्याने पुसल्यासारखे. एकेक पिल्लू पाहून हे ठरत नाही. दहा-बारा पिल्ले एकत्र ठेवा, सर्वांत गडद आणि सर्वांत पुसट बाजूला काढा, आणि मधली "माहीत नाही" म्हणून तशीच नोंदवा.

पंख पाहून नर-मादी ओळखण्याबद्दल गैरसमज फार. रीत अशी: पिल्लू तळहातात धरून एक पंख पंख्यासारखा उघडा. खालची लांब रांग मुख्य पंखपिसांची, तिच्यावर आलेली वरची रांग झाकणपिसांची. मुख्य पिसे झाकणपिसांपेक्षा स्पष्ट लांब असतील तर मादी, दोन्ही सारखी किंवा झाकणपिसे लांब असतील तर नर. हे फक्त मुद्दाम तशी जोडी लावलेल्या वाणांतच खरे आहे, म्हणजे झटपट पिसे फुटणारा नर आणि सावकाश पिसे फुटणारी मादी. इतर पिल्लांत ही कसोटी म्हणजे नाणे उडवणे. आणि जिथे चालते तिथेही पहिल्या एक-दोन दिवसांतच. नंतर पिसे वाढून फरक मिटतो.

गुदद्वार तपासून नर-मादी ओळखण्याची पद्धत जपानमध्ये कियोशी मासुई आणि जुरो हाशिमोतो यांच्या अभ्यासातून १९२० च्या दशकात पुढे आली. आत मोहरीपेक्षाही लहान, चकचकीत उंचवटा शोधायचा असतो, आणि काही माद्यांनाही तसा उंचवटा असतो. सराव झालेले लोक तासाला शेकडो पिल्ले अचूक ओळखतात. पण सराव नसलेल्या हाताने दाबले तर आतडे किंवा पोटातली बलकाची पिशवी फुटून पिल्लू मरते. व्हिडिओ पाहून हे करू नये.

अंड्याच्या आकारावरून, दोऱ्याला टांगलेल्या अंगठीवरून, किंवा मानेला धरून उचलल्यावर पाय कसे धरतो यावरून काहीही कळत नाही. नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असल्याने अशा प्रत्येक युक्तीचा अंदाज अर्ध्या वेळा बरोबर निघतो, म्हणून त्या टिकून आहेत.

वाढत्या पिल्लांत काय पाहावे

तीन ते सहा आठवड्यांत जड जातींची पाठ पाहा. ऑर्पिंग्टन, रॉक, ब्रह्मा यांसारख्या जातींत मादीला पाठीवर आणि शेपटीत पिसे लवकर येतात. नर या काळात खांद्यांवर आणि पाठीवर उघडा, शेपटी आखूड. मात्र पिल्ले एकमेकांची पिसे उपटत असतील तर उघडी पाठ फसवते. म्हणून कातडीवर तुटकी खुंटे किंवा जखमा आहेत का ते आधी पाहा.

तुऱ्याचा काळ जातीप्रमाणे वेगळा. लेगहॉर्नसारख्या हलक्या जातींत नराचा तुरा तीन-चार आठवड्यांतच उठून दिसतो. जड साध्या तुऱ्याच्या जातींत पाच ते आठ आठवडे लागतात. निव्वळ उंचीपेक्षा रंग आणि जाडी पाहा, आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या फुटल्या का तेही. सहाव्या आठवड्यात जाड, लाल तुरा आणि सोबत लाल पाळ्या असतील तर नर. पातळ, पिवळट-गुलाबी तुरा आणि पाळ्यांचा पत्ता नसेल तर बहुधा मादी. मटारतुऱ्यात मधली रांग एकटी नव्हे तर तिन्ही रांगा रुंद आणि लाल झाल्या की नर. मादीचा तुरा अरुंद आणि फिकट राहतो. तुलना नेहमी एकाच जातीच्या, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांशी.

रंगही आता बोलू लागतो. रानकोंबडीच्या रंगातल्या जातींत पाच-सहा आठवड्यांपासून नराच्या छातीवर काळी पिसे येऊ लागतात, मादीची छाती फिकट तांबूस राहते. सॅमन फावरोलच्या नराला त्याहीआधी पंखावर काळी पिसे दिसतात. संकरित पिल्लांत खांद्यावर गडद तांबड्या रंगाचे तुटक डाग आले तर तो बहुतेक नर. मादीचा रंग तुकड्यातुकड्यांनी न येता अंगभर सारखा पसरतो.

सर्वांत भरवशाची खूण तीन महिन्यांच्या सुमारास येते. शेपटीच्या बुडाशी, कंबरेच्या दोन्ही बाजूंना हात घालून एक पीस वर उचला. टोक गोल असेल तर मादी. लांबट, टोकदार, चकचकीत आणि कडेची तार सुटी असेल तर नर. नवीन पीस आवरणातून अर्धेच बाहेर आले असेल तर तेही निमुळते दिसते, म्हणून पूर्ण उघडलेलेच पीस पाहा. काही नरांत ही पिसे दहाव्या आठवड्यालाच फुटतात, काहींत सोळावा उजाडतो. त्यामुळे बाराव्या आठवड्यात ती नाहीत म्हणून "मादीच" असे लिहून टाकू नका.

सेब्राइट इथे अपवाद आहे: तिच्या नराची पिसेही मादीसारखी गोल असतात, तिथे तुरा आणि पाळ्याच पाहाव्या लागतात. सिल्कीची पिसे मुळातच विसविशीत, त्यामुळे चार ते सहा महिने थांबावे लागते. नराच्या डोक्यावरच्या झुबक्यातून मागे वळलेल्या लांब तारा निघतात, मादीचा झुबका गोल चेंडूसारखा राहतो.

आरवणे ही जवळजवळ पक्की खूण. क्वचित सहाव्या आठवड्यातच घोगरा प्रयत्न ऐकू येतो, बहुतेक नर दोन ते चार महिन्यांत सुरू करतात. मात्र एखादी कोंबडीही क्वचित आरवते. पायामागचा काटा आणि भांडखोरपणा यांवर विसंबू नका. तलंगाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्याही, छाती भिडवून भांडतात.

तातडीने पक्के उत्तर हवे असेल, उदाहरणार्थ पैदाशीसाठी मोजकीच पिल्ले ठेवायची असतील, तर पिसाच्या मुळावरून, रक्ताच्या थेंबावरून किंवा अंड्याच्या आतल्या पापुद्र्यावरून डीएनए तपासणी होते, आणि ती कोणत्याही वयात चालते. ती नसेल तर पाचव्या महिन्याच्या पुढे पाठीवर हात ठेवताच तलंग पंख थोडे पसरून खाली बसते का ते पाहा. ती बसली म्हणजे अंडे बहुधा काही दिवसांवर किंवा आठवड्यांवर आलेले असते, आणि घरट्याची जागा तयार नसेल तर आजच करायला घ्या.